माईकवरच्या सूचना

"श्वास घे," सुलक्षणा म्हणाली.

मी घेतला.

"पोट आत घे," स्पीकर म्हणाला.

आवाज माझ्या सासूबाईंचा होता. सासूबाई स्वतः मेकअपरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून डब्यातली नारळाची वडी खात होत्या. त्यांनी मान तिरकी करून स्वतःचा आवाज ऐकला.

"जरा घोगरा वाटतोय नाही?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सर्दी होती मला. पुन्हा एकदा म्हणू का?"

"नको आई, छान आलाय," मी म्हणाले.

"हात वर कर," सुलक्षणा म्हणाली. मी केला. स्पीकर म्हणाला, "ओढणी सांभाळ." मी मान वर केली. स्पीकर म्हणाला, "मान खाली." मी गुडघे फाकवून अरमंडीत बसले, म्हणजे भरतनाट्यमची ती अर्धी बैठक. स्पीकरने मला ताबडतोब गुडघे जवळ घ्यायला सांगितलं.

"सगळं ठणठणीत," सुलक्षणा म्हणाली. "तांत्रिक बाजू माझ्यावर सोड. तू फक्त नाच."

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. सांगलीजवळच्या आमच्या तालुक्याच्या गावी मी नाचाचा क्लास घेत असे. मी पहिल्यापासून अंगाने भरलेली. नाचणाऱ्या बाईचं अंग कसं असावं याबद्दल गावातल्या प्रत्येकाचं मत होतं आणि ते त्यांनी मला वेळोवेळी सांगितलं होतं. चाळिशी जवळ आल्यावर एक दिवस मला वाटलं, या सगळ्या सूचना माझ्या अंगातच राहायला आल्यात. गुडघ्यात एक आहे, मानेत एक आहे, पोटात तर कुटुंबच आहे. मग त्या तिथून बोलायलाच का लावू नयेत?

सुलक्षणा मगदूम पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि तिची मुलगी माझ्या क्लासला होती. तिला मी कल्पना सांगितली तेव्हा ती शेंगा सोलत होती. ती सोलायची थांबली. तिने माझ्यासाठी एक सरंजामच तयार केला. गुडघ्यांना, मनगटांना, मानेला छोटे छोटे सेन्सर आणि पोटावर एक रुंद पट्टा. मी जे अंग हलवीन त्या अंगाला आयुष्यभर मिळालेली सूचना लॅपटॉपमधून मोठ्याने ऐकू यायची. त्या सूचनांच्या कचाट्यात मी नाचायचं, हा पहिला भाग. दुसऱ्या भागात तोच आवाज उलटायचा आणि म्हणायचा, मोठ्याने हस, पाय पसरून बस, पोट सोड, आधी तू जेव. नाव ठेवलं होतं 'सूचना'.

आवाजासाठी मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या दुखावल्या होत्या. "मी असलं कधी बोलते का तुला?" त्या म्हणाल्या. "आणि तू आधी नीट बस बघू, पाठीला पोक येईल." पण तयार झाल्या. पहिल्या भागातली सगळी वाक्यं त्यांनी एका दमात, कागदाकडे न बघता म्हटली. दुसऱ्या भागाला अख्खी दुपार गेली. "पाय पसरून बस" म्हटलं की त्यांच्या तोंडून आपोआप पुढे "पण पाहुणे नसताना" असं यायचं. "आधी तू जेव" म्हणताना त्या दर वेळी हसायच्या. शेवटी सुलक्षणाने त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं, तेव्हा कुठे जमलं.

त्या रविवारी पहिला प्रयोग होता. नाट्यगृह संध्याकाळी नाटकाला दिलेलं असल्यामुळे आम्हाला दुपार मिळाली होती. पुण्यात दर हिवाळ्यात नव्या नृत्याचा एक महोत्सव भरायचा, त्याच्या संयोजक श्यामला नाबर मॅडम माझा प्रयोग बघायला मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी निवडलं तर पुढे काहीतरी होतं. नाही निवडलं तर गावाबाहेरच्या एका निवासी शाळेत मला नोकरी तयार होती. तिथे मुलींना संचलन, सूर्यनमस्कार आणि गॅदरिंगचे नाच शिकवायचे होते. सोमवारी सकाळी त्यांना होकार कळवायचा होता. मी घरात सांगून टाकलं होतं की हे शेवटचं, यानंतर मी कुणाला त्रास देणार नाही.

"एकच बारीकशी अडचण आहे," सुलक्षणा म्हणाली. "विंगेतून साउंडच्या खोलीत जाणारी वायर उंदरांनी खाल्लीय. म्हणून मी आपला आवाज कॉर्डलेस माईकवरून पाठवतेय. इथे मंडपवाल्याचा सेट मिळाला."

"चालेल ना?" मी विचारलं.

"शेजारच्या मंगल कार्यालयात त्याचाच सेट लावलाय, तिथे सकाळपासून उत्तम चाललाय," ती म्हणाली.

तेवढ्यात नानामामा आत आले. माझे सख्खे मामा, वय शहात्तर. सगळी नोकरी एसटीत केलेली. वाहतूक नियंत्रक म्हणून कित्येक वर्षं त्यांनी स्टँडवर माईकवरून गाड्या सोडल्या होत्या. आता ऐकू कमी यायचं, पण माईकवरचं नेमकं यायचं. माईकवरून सूचना झाली की माणसाने उठायचं, अशी त्यांची श्रद्धा होती. उठला नाही त्याची गाडी चुकली, इतकं ते सरळ होतं.

त्यांनी माझ्या अंगावरच्या वायरींकडे पाहिलं. "उत्तरे, बरं नाही का तुला?"

"मामा, हा नाचाचा पोशाख आहे."

"बरं बरं," ते म्हणाले आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले. नाबर मॅडमच्या शेजारीच.

पडदा उघडला. थिएटर अर्धं भरलं होतं. क्लासमधल्या मुलींच्या आया होत्या, पॉलिटेक्निकची काही मुलंमुली, गावातली दोन-चार रसिक माणसं. मी मधोमध उभी राहिले आणि हात वर नेला.

"ओढणी सांभाळ," सासूबाई थिएटरभर म्हणाल्या.

आयांमध्ये खसखस पिकली. मी पाऊल टाकलं. गुडघे जवळ. मी मान वळवली. मान खाली. माझी लय हळूहळू वाढू लागली तशा सूचना एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. हळू हस, नीट बस, पोट आत घे, ओढणी, मान, पोट, ओढणी. मला मजा येऊ लागली. नाबर मॅडम पुढे वाकून बघत होत्या. आता जमतंय, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी स्पीकरमधून एक पुरुषी आवाज म्हणाला,

"मंडळी, अक्षता हळू टाकायच्या आहेत. मारायच्या नाहीत. मागच्या लग्नात भटजींच्या डोळ्याला लागलं होतं."

मी एका पायावर होते. तशीच राहिले. विंगेत सुलक्षणा लॅपटॉपवर ओणवी झालेली दिसली. तिने मला हाताने खूण केली, नाच, नाच. मी दुसरा पाय टेकवला आणि सुचलं ते केलं. ओंजळ भरली आणि हळूच अक्षता टाकल्या. लोक हसले. मला धीर आला. दोन आवर्तनं नीट गेली.

मग तोच आवाज पुन्हा आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

पहिल्या रांगेत नानामामांनी मान वर केली.

"मुलीचे मामा कुठं आहेत? मुलीच्या मामांनी ताबडतोब मुलीला घेऊन यावं. मुहूर्त टळायला लागलाय."

नानामामा उठले. नाबर मॅडमच्या पायांवरून "माफ करा" म्हणत पलीकडे गेले, कडेच्या पायऱ्या चढले आणि सरळ रंगमंचावर आले. त्यांनी माझा दंड धरला.

"चल," ते म्हणाले.

"मामा, कुठे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"ते मला काय माहीत. बोलावलंय."

"मामा, माझं लग्न झालंय."

"मला सांगतेस? मीच आणली होती तुला. आता पुन्हा बोलावतायत त्याला मी काय करू?"

प्रेक्षकांना आमचं बोलणं ऐकू जात होतं, कारण हसणं टिपायला सुलक्षणाने माझ्या गळ्याशी एक बारका माईक लावला होता. मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मान खाली घातली आणि नवरीच्या चालीने त्यांच्याबरोबर निघाले. प्रत्येक पावलाला गुडघा म्हणत होता, गुडघे जवळ. त्यांनी मला रंगमंचाला एक फेरी घालून आणलं, मधल्या उजेडात उभं केलं आणि आता पुढे काय म्हणून इकडे तिकडे पाहिलं. त्याच वेळी सुलक्षणा माझ्या पट्ट्याची वायर बघायला विंगेतून पळत बाहेर आली. मामांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी माझा हात तिच्या हातात दिला, दोघींच्या डोक्यांवर हात ठेवला आणि शांतपणे जाऊन जागेवर बसले.

टाळ्या थांबेनात. सुलक्षणा माझा हात धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चॅनल एकच आहे," ती कुजबुजली. "त्यांचा माईक चालू झाला की तो आपल्याकडे येतोय."

"मग बंद कर."

"मग आपलंही बंद होईल. तू नाच."

स्पीकरमधून शुभमंगल सावधान ऐकू आलं, मागोमाग भिंतीपलीकडून ताशा. मग भटजींनी माईक खाली ठेवला असावा, कारण आमच्याकडे सगळं एकदम शांत झालं. मी लय दुप्पट केली. लॅपटॉपने ठरल्याप्रमाणे कूस बदलली.

"मोठ्याने हस," सासूबाई म्हणाल्या.

मी हसले.

"पोट सोड. पाय पसरून बस. आधी तू जेव."

हा भाग मी जीव ओतून बसवला होता आणि त्या दिवशी तो तसाच नाचले. पट्टा सैल पडला, घाम डोळ्यांत गेला, मी जमिनीवर फतकल मारून हात आभाळात फेकले. आयांपैकी एक उगाचच उभी राहिली होती. शेवटची चाल आली. मी श्वास घेतला.

थिएटरचं मागचं दार धाडकन उघडलं.

भगवा फेटा बांधलेले एक गृहस्थ मधल्या वाटेने तरातरा पुढे आले. पांढरा झब्बा, कपाळाला गंध, अंगावर अक्षता. त्यांच्यामागे मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक हात जोडत येत होता. प्रकाशयोजनेला बसलेल्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने मोठा दिवा माझ्यावरून काढून फेट्यावर टाकला. गृहस्थ डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

"कोण बाई बोलतीया ही?" त्यांनी विचारलं.

विंगेतून सासूबाई बाहेर आल्या. पदर नीट करून त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "मी," त्या म्हणाल्या. "आपण कोण?"

"मी संपतराव. मुलाचा काका. तुम्ही आमच्या नवरीला मोठ्यानं हस म्हणून का सांगताय?"

"तुमच्या नवरीला मी ओळखतसुद्धा नाही."

"मग माईकवरनं सांगताय ते कुणाला? अख्खा हॉल ऐकतोय. पाय पसरून बस म्हणं. आधी तू जेव म्हणं. अजून आमच्या मुलाकडची पंगत बसायचीय. नवरीचा बाप रुसून कोपऱ्यात बसलाय. मुलाकडच्यांनी आमच्या मुलीची टिंगल केली म्हणतोय."

सुलक्षणाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "अरे देवा, म्हणजे आपलाही आवाज तिकडे जातोय," ती म्हणाली. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "काका, मला जरा नीट सांगा. हे कधीपासून येतंय?"

"आत्ताच. पाच-दहा मिनिटं झाली असतील."

"त्याआधी काही आलं नाही?"

"नाही. त्याआधी सगळं व्यवस्थित चाललं होतं."

"असं होणार नाही," सुलक्षणा म्हणाली. "भटजींचा माईक बंद असेल तेव्हा तेव्हा आमचं गेलंच असणार. आठवून बघा. मान खाली, गुडघे जवळ, ओढणी सांभाळ. असलं काही ऐकू आलं?"

संपतरावांनी फेटा मागे सरकवला. "ते व्हय. ते तर पहिल्यापासनं चाललं होतं. ते आमच्या आत्याबाई सांगत होत्या."

"आत्याबाई माईकवर होत्या?"

"नसतील," ते म्हणाले. "मग मुलीची आई असंल. कोणतरी बाईमाणूस होतं. आणि त्यात वावगं काय नव्हतं. मान खाली, हळू हस. बायका सगळ्या सावरून बसल्या. चार पोरी खिदळत होत्या त्या गप झाल्या. फोटोवाला म्हणाला, कुणी का सांगंना, काम सोपं झालं."

"आणि पोट आत घे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यालाबी कोण काय म्हणालं नाही." संपतरावांनी झब्बा खाली ओढला. "मीबी घेतलं."

संपतराव उजेडात उभे होते आणि आपण आत्ता काय बोललो ते त्यांच्याही कानांवर जात असावं, कारण त्यांचा आवाज मघापेक्षा उतरला होता. मग मागच्या रांगेतून एक बाई हसली. दाबून ठेवलेलं, नाकातून आलेलं हसू. मग तिच्या शेजारची. मग सगळं थिएटर. हसता हसता लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. संपतरावांनी वळून पाहिलं, काय करावं न कळून हात जोडले, आणि पडदा पडला.

मेकअपरूममध्ये नाबर मॅडम आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"शेवटचा तो फेटेवाला नट कुठला? काय सहज करतो."

सुलक्षणाने माझ्या पायावर पाय दिला. पण मी सांगितलं, "तो नट नाही. लग्नघरचा माणूस आहे."

"आणि मामा?"

"माझे मामा आहेत."

"म्हणजे तेही ठरलेलं नव्हतं? आणि अक्षता?"

"नाही."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "मग तुमचं काय होतं त्यात?"

"पट्टा," मी म्हणाले.

"तो यांनी बनवला. आवाज तुमच्या सासूबाईंचा."

"नाच माझा होता."

"नाच चांगला होता," त्या म्हणाल्या आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "पण तुमचा स्वतःचा शेवट मला मघाही पटत नव्हता. का ते नेमकं सांगता येत नाही. तो माणूस आला म्हणून सुटलात तुम्ही. पुण्याला तो येणार नाही. तिथे काय कराल?"

मी पट्ट्याची वायर चाचपू लागले. "उद्या कळवा," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या.

त्या दाराबाहेर पडतात न पडतात तोच संपतराव आत आले. आता त्यांनी फेटा काखेत धरला होता. "ताई, तुम्ही एकदा येऊन सांगून जावा. मशिनीचं होतं म्हणून. माझ्या सांगण्यावर कुणाचा विश्वास बसंना."

सासूबाई उठल्या. मी तशीच, अंगावरच्या वायरींसकट त्यांच्याबरोबर गेले. सुलक्षणा आली. मामाही आले, कारण मामांना जेवणाचा वास आला होता.

मंगल कार्यालयात शिरलो तेव्हा चारशे माणसं वळून माझ्या पोटाकडे बघू लागली. सासूबाईंनी भटजींकडून माईक घेतला. "मंडळी, शेजारी आमचा नाचाचा कार्यक्रम होता. त्यातलं बोलणं चुकून इकडे आलं. आवाज माझा होता. मुलीकडच्यांचाही दोष नाही, मुलाकडच्यांचाही नाही. राग मानू नये."

रुसलेले वडील कोपऱ्यातून उठले. "आवाज छान आहे हो तुमचा," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं माझाच आहे."

नवरानवरी सोफ्यावर फोटोला बसली होती. सासूबाई नवरीजवळ गेल्या. मुलगी तेवीस-चोवीसची असेल. मुंडावळ्या, गळ्यात हार, अंगावर जड शालू, आणि पाठ सोफ्याला न टेकता ती कडेला बसली होती.

"बाळ, चुकून झालं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "मनावर घेऊ नकोस हं." आणि मग त्यांची नजर खाली गेली. "जरा नीट बस गं. शालू चुरगळतोय."

नवरीने मान वर केली.

"काकू, ते सगळं बोलणारा आवाज तुमचाच ना?"

"हो."

"मला वाटलं माझी आईच माईकवर गेली." ती थकलेली दिसत होती, रागावलेली नव्हती. "तासभर तुमचंच ऐकतेय मी. आधी म्हणालात नीट बस. मग म्हणालात पाय पसरून बस. आधी हळू हस, मग मोठ्याने हस. आता परत नीट बस. एक काय ते ठरवा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुलक्षणाकडे. सुलक्षणाच्या लॅपटॉपमध्ये दोनच भाग होते. कशाबद्दलही तोंडात सूचना तयार नाही असं मी सासूबाईंचं कधी पाहिलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या आणि विचार करत राहिल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"तू ठरव," त्या शेवटी म्हणाल्या. आणि स्वतःच चकित झाल्यासारख्या पुन्हा म्हणाल्या, "मला नाही माहीत बाई. तू ठरव."

नवरीने शालू थोडा उचलला, आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि सोफ्यावर मांडी घालून बसली. तिच्या तोंडून "आई गं" असा इतका सुखाचा सुस्कारा निघाला की नवऱ्याने दचकून पाहिलं.

"मॅडम, मांडी घालून?" फोटोवाल्याने विचारलं.

"हो."

"साहेब, तुम्ही?"

नवऱ्याने काकांकडे पाहिलं. संपतराव गडबडीने छताकडे बघू लागले. नवऱ्याने बूट काढले आणि तोही मांडी घालून बसला. फोटो निघाला. मग आम्हाला जेवायला बसवलं. मामांनी जिलेबी तीनदा घेतली.

सोमवारी सकाळी मी आधी नाबर मॅडमना फोन केला.

"शेवट सापडला," मी म्हणाले. "दुसऱ्या भागातली सगळी वाक्यं काढून टाकतेय. आवाज फक्त पहिल्या भागात."

"आणि मग? शेवटी आवाज काय म्हणतो?"

"काहीच नाही. बंद होतो."

"मग तुम्ही काय करता?"

"ते अजून ठरवलेलं नाही. त्या त्या वेळी ठरवीन."

"या," त्या म्हणाल्या. मग मी शाळेला फोन करून नकार कळवला.

पुण्यात मी शेवटी रंगमंचभर धावले होते. कोल्हापूरला नुसतीच पडद्याला टेकून उभी राहिले. एकदा माझ्या गुडघ्यात कळ आली म्हणून बसून तो चोळत राहिले आणि समोरच्या कितीतरी बायका आपापले गुडघे चोळू लागल्या. सासूबाई प्रत्येक प्रयोगाला विंगेत असायच्या. आता यंत्राऐवजी त्या स्वतः माईकवर बोलायच्या, आणि पहिला भाग संपला की माईक बंद करून मी आज काय करते ते बघत बसायच्या.

नाशिकचा प्रयोग आला तेव्हा माझे लागोपाठ पाच दिवस प्रवासात गेले होते. सासूबाईंनी माईक बंद केला. मी आधी बसले, मग आडवी झाले. फळ्या गार होत्या, अंगाला बऱ्या वाटल्या. बाकीचं मला सुलक्षणाने सांगितलं. मला खरोखरच झोप लागली. लोकांना आधी ते नृत्य वाटलं, मग मी घोरू लागले तेव्हा कळलं. कुणी टाळ्या वाजवाव्यात की उठावं, समजेना. कुणी उठलं नाही. सुलक्षणा मला उठवायला निघाली तशी सासूबाईंनी तिला हाताने मागे सारलं आणि त्या स्वतः रंगमंचावर गेल्या. माझ्या पायाशी उभ्या राहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे तिला," त्या प्रेक्षकांना हळूच म्हणाल्या. "तुम्हाला बसायचं तर बसा."